अ‍ॅस्पार्टेमचं स्टॉक द्रावण कसं करावं आणि ते बिघडू कसं देऊ नये

साखरेच्या साधारण २०० पट गोड असलेलं अ‍ॅस्पार्टेम कोरडं असताना बऱ्यापैकी टिकतं. पाण्यात गेलं की मात्र त्याचं विघटन सुरू होतं. त्यामुळे मोजणीत निकाल अपेक्षेपेक्षा कमी आला की आधी वजनकाट्याकडे नाही, द्रावणाच्या पीएचकडे पाहावं.

रेणूच्या एका टोकाला मोकळा अमिनो गट आहे, दुसऱ्या टोकाला मिथाइल एस्टर. पीएच वाढला की अमिनो गटावरचा प्रोटॉन निघतो, तो गट एस्टरवर हल्ला करतो, मेथॅनॉल बाहेर पडतं आणि डायकीटोपिपरेझिन हे वलय तयार होतं. त्याला गोडवा नाही. आम्लात याउलट एस्टर आणि पेप्टाइड बंधांचं जलविघटन होतं. या दोन्हींच्या मधली सुरक्षित जागा म्हणजे पीएच ४.३: खोलीच्या तापमानाला तिथे अर्धायुष्य जवळपास ३०० दिवस, तर पीएच ७ ला जेमतेम काही दिवस.

म्हणून स्टॉक, म्हणजे पुढे विरल करून वापरायचं मूळ द्रावण, साध्या पाण्यात न करता ०.०२ मोलर अ‍ॅसिटेट बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, करा. १ लिटरसाठी सोडियम अ‍ॅसिटेट ट्रायहायड्रेट ०.७० ग्रॅम आणि ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड ०.८५ मिलि घ्या. पीएच मीटरवर ४.३ येतोय ना, हे पाहूनच पुढे जा. बफर याहून तीव्र करू नका, कारण बफरमधले आयनही विघटनाला वेग देतात. फॉस्फेट यात जास्त त्रासदायक.

भुकटीची बाटली फ्रिजमधून काढली असेल तर खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर आत दव धरतं. भुकटी हलकी असते, उडते आणि स्थिर विजेमुळे चमच्याला चिकटते. मास्क, हातमोजे, चष्मा घाला आणि वजन करताना पंखा बंद ठेवा. सांडलेलं झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. प्रयोगशाळेतला नमुना चाखायचा नाही, तो गोड असला तरी.

१००.० मिग्रॅ तोलून १०० मिलिच्या व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्कमध्ये घ्या आणि सुमारे ८० मिलि बफर घाला. भुकटी पृष्ठभागावर तरंगते, गुठळ्या धरते आणि सावकाश विरघळते. इथेच घाई होते आणि फ्लास्क हॉटप्लेटवर जातो. तसं करू नका. २५ अंशांना १ लिटर पाण्यात सुमारे १० ग्रॅम विरघळतं आणि आपल्याला जेमतेम १ ग्रॅम हवंय, म्हणजे अडचण विद्राव्यतेची नाही, फक्त वेळेची आहे. मॅग्नेटिक बार टाकून ढवळा. अल्ट्रासोनिक बाथ वापरलात तर त्यातलं पाणी तापू देऊ नका. एकही कण दिसेनासा झाला की बार काढून, तो बफरने फ्लास्कमध्येच धुऊन, खुणेपर्यंत भरा. हे १००० मिग्रॅ/लिटर स्टॉक झालं. भुकटीत ओलावा असतो. तो ३ टक्के असेल तर खरी तीव्रता ९७०च, आणि आकडेमोडीत तीच धरा.

१, २.५, ५, १० आणि २० मिलि स्टॉक प्रत्येकी १०० मिलिपर्यंत नेलं की १०, २५, ५०, १०० आणि २०० मिग्रॅ/लिटरची मानकं, म्हणजे तीव्रता माहीत असलेली तुलनेची द्रावणं, मिळतात.

मोजणी एचपीएलसीवर (द्रवातले घटक कॉलममध्ये वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) करा: सी-१८ कॉलम, वाहक द्रव म्हणून पीएच ४ च्या आसपासचं फॉस्फेट बफर, सोबत १० ते १५ टक्के अ‍ॅसिटोनायट्राइल, तरंगलांबी २१० ते २२० नॅनोमीटर. २५८ नॅनोमीटरला बेंझीन वलयाचं शोषण इतकं क्षीण आहे की १० मिग्रॅ/लिटरच्या द्रावणाचं १ सेंमी क्युव्हेटमधलं वाचन ०.००७ च्या घरात येतं. त्यावर विसंबता येत नाही. २१० ला अ‍ॅसिटेटही शोषतं, म्हणून नुसत्या बफरचा ब्लँक आधी चालवा. फेसाळ पेयाचा नमुना असेल तर आधी वायू पूर्ण काढा, नाहीतर पिपेटमध्ये बुडबुडे येऊन माप चुकतं. मग ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि पहिले १–२ मिलि टाकून द्या.

एचपीएलसीच्या आलेखातलं मुख्य शिखर खुजं होऊन शेजारी नवी शिखरं उगवली तर द्रावण विघटलंय. भुकटी ताजी असूनही असं झालं तर काचसामान तपासा: अल्कधर्मी डिटर्जंटचा राहिलेला थर विरल मानकाचा पीएच वर ढकलू शकतो. शेवटची धुणी डिस्टिल्ड वॉटरने तीनदा द्या. स्टॉक ४ अंशांना, तारीख लिहून ठेवा आणि दर आठवड्याला ताज्या मानकाशी ताडून पाहा. २ टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर ते ओतून नवं करा. अ‍ॅसिटोनायट्राइल असलेला कचरा मात्र सिंकमध्ये नाही, सॉल्व्हंटच्या वेगळ्या डब्यात.