नवीन स्टिरिओ बसवल्यावर इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी: माझा अनुभव

वास्कोत समुद्राजवळ राहतो. जुन्या हॅचबॅकमध्ये मी स्वतः स्टिरिओ बसवला आणि इंजिन सुरू करताच स्पीकरमधून बारीक शिट्टी येऊ लागली, जी ॲक्सिलरेटर दाबला की आणखी वर चढे. इंजिन बंद असताना मात्र आवाज स्वच्छ होता. अँटेना बदलला, स्टिरिओला वीज देणाऱ्या पिवळ्या वायरीवर नॉइज फिल्टर लावला, स्पीकरच्या वायरी दूर नेल्या. तीन रविवार असेच वाया गेले, याचे फार वाईट वाटले.

अखेर इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरचे एक टोक स्टिरिओच्या धातूच्या पाठीला आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावले, तेव्हा ०.४ व्होल्ट दिसले. तिथे जवळपास शून्य हवे, म्हणजे दोष अर्थिंगमध्येच (गाडीच्या पत्र्यामार्फत बॅटरीच्या निगेटिव्हशी होणाऱ्या जोडणीत) होता. स्टिरिओची अर्थिंगची काळी वायर डॅशबोर्डमागच्या ज्या बोल्टला जोडली होती, त्याखाली रंग तसाच होता आणि कडेला खाऱ्या हवेचा तांबूस गंज धरला होता.

प्रथम बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली. बोल्टखालचा पत्रा सँडपेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, काळ्या वायरीच्या टोकाला रिंग लग (बोल्टसाठी गोल भोक असलेला धातूचा तुकडा) दाबून पक्का केला, तो दातेरी वॉशरसह घट्ट आवळला आणि त्यानंतरच वरून पेट्रोलियम जेली लावली, कारण आधी लावल्यास संपर्क बिघडू शकतो. एअरबॅगच्या बोल्टला मात्र हात लावू नये. शेवटी बॅटरी जोडली; मीटरवर ०.०२ व्होल्ट आले आणि शिट्टी पूर्ण थांबली.