'रन आउट ऑफ' म्हणजे काय आणि ते वापरायचं कसं

रन आउट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर आधी उडालेल्या बेल्स येतात, पण क्रिकेट जरा बाजूला ठेवा. रोजच्या बोलण्यात रन आउट ऑफ म्हणजे आपल्याकडचं काहीतरी संपणं, मग ती साखर असो, गॅस असो, पैसे किंवा वेळ.

आपली गोची कुठे होते सांगते. मराठीत आपण म्हणतो साखर संपली, म्हणजे सुरुवात साखरेपासून. इंग्लिशमधे बहुतेक वेळा सुरुवात माणसापासून होते, वी हॅव रन आउट ऑफ शुगर. आधी कोणाकडची संपली ते आणि ऑफच्या पुढे काय संपलं ते. साखरेपासूनच सुरू करायचं असेल तर ऑफ गळतो, द शुगर हॅज रन आउट. दोन्हीची खिचडी करून शुगर हॅज रन आउट ऑफ म्हणू नका, वाक्य अर्धवट लटकतं.

माझी भाची लंडनला शिकायला गेली तेव्हा पहिल्याच आठवड्यात रूममेटला म्हणाली, मिल्क इज ओव्हर. आपल्याकडे हे सर्रास चालतं, पण ती मुलगी नुसती बघतच राहिली, मग हिने फ्रिजमधली रिकामी बाटली हलवून दाखवली तेव्हा ती म्हणाली, ओह, वी हॅव रन आउट! तिकडे ओव्हर म्हणतात ते मॅच, मीटिंग, पिक्चर संपल्यावर, दूध आणि पेट्रोलला नाही.

काळ बदलला की रूप बदलतं. काल घाटात पेट्रोल संपलं तर वी रॅन आउट ऑफ पेट्रोल, पण हॅवनंतर परत रनच, हॅव रॅन चूक. आणि अजून संपलं नाही, संपत आलंय, तर वी आर रनिंग आउट ऑफ टाइम. हे रूप मला सगळ्यात कामाचं वाटतं, आय अ‍ॅम रनिंग आउट ऑफ पेशन्स म्हटलं की समोरच्याला कळतं आता हिचा पेशन्स संपत आलाय. व्हिसाची मुदत संपते तिथेही रन आउटच, फक्त ऑफ नाही, माय व्हिसा रन्स आउट इन मार्च.

आणि हो, ही वॉज रन आउट म्हणजे बॅट्समन धावबाद झाला, त्यात वॉज आहे. सामान संपल्यावर वॉज किंवा आर लावून वी आर रन आउट ऑफ राइस असं नाही म्हणायचं, तिथे हॅवच.

कशाबद्दल चाललंय ते दोघांनाही माहीत असेल तर ऑफ आणि पुढचं सगळं सोडून द्या. गिऱ्हाईकाने ब्रेड मागितला की दुकानदार एवढंच म्हणतो, सॉरी, वी हॅव रन आउट.