यकृतातील गाठीसाठी सीटी स्कॅन: नीट कसा करून घ्यावा, रिपोर्ट कसा वाचावा

सोनोग्राफीत यकृतात गाठ दिसली आणि सीटी करायला सांगितला, तर आधी चिठ्ठी पाहा. तिच्यावर ‘ट्रायफेजिक’ किंवा ‘मल्टिफेज’ लिव्हर सीटी असं लिहिलेलं हवं, म्हणजे वेगवेगळ्या वेळी (फेजमध्ये) अनेकदा चित्रं घेणारा सीटी. पोटाच्या नेहमीच्या सीटीत डाय (शिरेतून देतात ते, चित्रात उजळ दिसणारं औषध) दिल्यावर साधारण ७० सेकंदांनी एकदाच चित्रं घेतात. गाठ आहे हे त्यात कळतं, पण ती कशाची हे बऱ्याचदा कळत नाही.

यकृताचं सुमारे ७५ टक्के रक्त आतड्याकडून पोर्टल शिरेतून येतं, उरलेलं धमनीतून. यकृतातच सुरू झालेला कर्करोग मात्र मुख्यतः धमनीच्या रक्तावर वाढतो. त्यामुळे डाय कोणत्या सेकंदाला कुठे पोचली, यावरच निदान उभं असतं.

१. तयारी. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) तपासून घ्या. त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळतं त्याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर डाय द्यायची की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचं. अशा वेळी मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषधही ४८ तास थांबवतात. पूर्वी डायने पुरळ उठली असेल, दमा किंवा गरोदरपणाची शक्यता असेल तर आधीच सांगा. कोळंबी सोसत नाही एवढ्यावरून डाय टाळायची गरज नसते. केंद्राने सांगितलं असेल तेवढे तास उपाशी राहा, आणि जुन्या तपासण्यांच्या फिल्म व सीडी न विसरता न्या.

२. टेबलावर. कोपराजवळच्या शिरेत १८ किंवा २० नंबरची सुई हवी, कारण डाय सेकंदाला ३ ते ५ मिलि वेगाने जाते. अंग गरम होतं, लघवी झाल्यासारखं वाटतं. ते लगेच ओसरतं. हात ठणकून सुजला तर तत्काळ ओरडून सांगा, डाय शिरेबाहेर जात असेल. दर वेळी श्वास सारखाच रोखा. एकदा खोल आणि एकदा उथळ घेतला तर यकृत वरखाली सरकतं, आणि एक सेंटिमीटरची गाठ एका फेजमध्ये दिसून दुसऱ्यात हरवते.

३. तीन वेळा. उशिराचा धमनी फेज साधारण ३५ सेकंदांना, पोर्टल फेज ७० च्या आसपास, डिलेड ३ ते ५ मिनिटांनी. सर्वांत जास्त चुकतो तो पहिला. घाईने घेतला तर धमन्या उजळतात, पण गाठीत डाय पोचलेलीच नसते आणि कर्करोग निसटतो. हृदय अशक्त असेल तर डाय उशिरा पोचते, म्हणून घड्याळावर न विसंबता महाधमनीतली डाय मोजून वेळ ठरवणं चांगलं.

४. रिपोर्ट. एकच जागा तिन्ही फेजमध्ये कशी बदलली, ते शोधा. सिरॉसिस (यकृतात व्रण पडून ते कठीण होणं) किंवा जुना हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णात गाठ धमनी फेजमध्ये उजळली आणि नंतर भोवतालच्या यकृतापेक्षा काळी पडली (रिपोर्टात ‘वॉशआउट’), तर कर्करोगाचा दाट संशय. निरोगी यकृतात हाच नियम तसाच लावता येत नाही. हिमॅन्जिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ) काठाकडून ठिपक्याठिपक्यांनी उजळत आत भरत जातो, तो निरुपद्रवी. साधी पाण्याची गाठ शून्य ते २० हाउन्सफिल्ड युनिट (सीटीवरचं घनतेचं माप) असते आणि कधीच उजळत नाही. ताप असून मध्ये पू आणि भोवती उजळ कडं दिसलं तर गळू. आतड्याच्या कर्करोगाची पसरलेली गाठ बहुधा पोर्टल फेजमध्येच सर्वांत स्पष्ट दिसते.

चरबी पाहायला डायआधीची चित्रं लागतात. यकृत ४० युनिटच्या खाली किंवा प्लीहेपेक्षा १० ने कमी असेल तर फॅटी लिव्हर. थोडी चरबी मात्र सीटीतून सुटते. खडबडीत काठ, मोठी प्लीहा, पोटात पाणी आणि फुगलेल्या शिरा एकत्र असतील तर सिरॉसिस. पण सुरुवातीच्या सिरॉसिसमध्ये यकृत सीटीवर अगदी नीट दिसू शकतं.

रिपोर्टात ‘इनडिटर्मिनेट’ (गाठ कशाची ते नक्की सांगता येत नाही) लिहिलं असेल तर तोच सीटी लगेच पुन्हा करू नका. प्रत्येक फेजमागे किरणोत्सर्ग वाढतो. डायसह एमआरआय करायचा की काही महिन्यांनी तुलना करायची, हे यकृततज्ज्ञांना विचारा.