पायरोइलेक्ट्रिक स्फटिकाने पानातली मूलद्रव्यं ओळखताना

वाळलेल्या पानाच्या भुकटीच्या वडीवर क्ष-किरण पाडून पहिला वर्णपट (कोणत्या ऊर्जेचे किती किरण येतात याचा आलेख) घेतला तेव्हा 8 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी (पुढे केव्ही) ठसठशीत शिखर दिसलं. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण देतं, म्हणून मी वहीत लिहिलं: तांबं. दुसऱ्या दिवशी तांबं नसलेली, शुद्ध सेल्युलोजची वडी ठेवली, तरी शिखर तिथंच. ते माझ्याच उपकरणातून येत होतं. ही पद्धत शिकायची तर आधी उपकरणाच्या रेषा, म्हणजे त्याची स्वतःची शिखरं, पाठ करा, मग पानाकडे वळा.

लिथियम टँटलेटचा स्फटिक पायरोइलेक्ट्रिक आहे: तो तापला किंवा निवला की त्याचं अंगभूत ध्रुवीकरण बदलतं आणि पृष्ठभागावर भार उघडा पडतो. विरळ वायूत हा भार लगेच विझत नाही, त्यामुळे हजारो व्होल्टचा दाब तयार होतो आणि इलेक्ट्रॉन वेगाने धावतात. ते जिथं आदळतात तिथून क्ष-किरण निघतात. अशा क्ष-किरणांबद्दल जेम्स ब्राउनरिज यांनी 1992 मध्ये लिहिलं. तापवलेला टूर्मलीन राख ओढून घेतो हे रत्नपारख्यांना अठराव्या शतकातच ठाऊक होतं. त्याच गुणाने आज आपण वनस्पतीतली खनिजं वाचतो, याचं मला अजून नवल वाटतं.

माझी मांडणी साधी आहे. स्फटिकाची मागची बाजू चांदीच्या वाहक गोंदाने हीटरच्या धातूच्या बैठकीवर चिकटवलेली आणि भूमीला जोडलेली. समोर साधारण एक सेंटीमीटरवर तांब्याचा पातळ वर्ख, तोही भूमीला जोडलेला. ऋण बाजू वर्खाकडे ठेवली की तापताना इलेक्ट्रॉन स्फटिकावर आदळतात आणि स्फटिकातल्या टँटलमच्या रेषा मिळतात; निवताना ते वर्खावर आदळतात आणि तांब्याच्या रेषा मिळतात. वायूचा दाब 1 पास्कलच्या आसपास ठेवते. हवा फार काढली तर इलेक्ट्रॉन पुरवायला वायूच उरत नाही. तापमान 100 अंशांच्या थोडं वर नेऊन सावकाश खाली आणायचं. घाई केली की ठिणगी पडते आणि साठलेला भार एका क्षणात जातो.

उपकरण लहान असलं तरी किरण खरे आहेत. सगळं पोलादी पेटीत, झाकण उघडलं की हीटर बंद होईल असा स्विच, आणि भार पूर्ण उतरेपर्यंत पेटीला हात नाही. सुरक्षा अधिकाऱ्याची परवानगी आणि किरणमापक बिल्ला घेतल्याशिवाय सुरुवात करू नका.

पानं आधी ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा. पानावरच्या धुळीत लोह आणि सिलिकॉन भरपूर असतं, आणि मग आपण मातीच मोजत बसतो. 65 अंशांवर दोन दिवस वाळवा, अकीकाच्या खलात बारीक करा, चाळा, दाबयंत्रात वडी पाडा. पोलादी दळणयंत्र टाळा, त्याचं लोह भुकटीत मिसळतं. त्याच वजनाची शुद्ध सेल्युलोजची वडीही हवीच. ती किरणं पानासारखीच विखुरते, म्हणून रिकाम्या पेटीपेक्षा तिचा वर्णपट खरा कोरा, म्हणजे पानाविना तुलनेचा, धरावा. पानाचा आणि कोऱ्या वडीचा वर्णपट तितक्याच फेऱ्यांचा घ्या (एकदा तापवून निववणं म्हणजे एक फेरी). तापण्याचा आणि निवण्याचा भाग वेगळा साठवा.

माझी वडी स्फटिकाच्या विरळ वायूच्या कप्प्याला असलेल्या खिडकीबाहेर, हवेत असते. एका सेंटीमीटर हवेत फॉस्फरसचे (2.01 केव्ही) जवळजवळ निम्मे किरण शोषले जातात, म्हणून किरणांची ऊर्जा मोजणारा डिटेक्टर शक्य तितका जवळ आणा. हवेतला आर्गॉनही 2.96 वर शिखर देतो; ते क्लोरीन (2.62) आणि पोटॅशियम (3.31) यांच्या मधोमध बसतं.

पानात सर्वांत ठळक पोटॅशियम आणि कॅल्शियम. कॅल्शियमचं मुख्य शिखर 3.69 वर, पण पोटॅशियमचं दुय्यम शिखर 3.59 वर असल्याने दोन्ही एकमेकांत मिसळतात. पोटॅशियमच्या मुख्य शिखराचा साधारण दहावा हिस्सा वजा केल्याशिवाय कॅल्शियमचा आकडा लिहू नका. मँगेनीजचं दुय्यम शिखर (6.49) तसंच लोहाच्या 6.40 ला चिकटतं. मँगेनीज आहे की नाही ते 5.90 वर पाहा. सिलिकॉन (1.74) टँटलमच्या 1.71 खाली झाकला जातो. गवतवर्गीय पानांत सिलिकॉन शोधणाऱ्यांनी या स्रोतावर भिस्त ठेवू नये.

तांब्याचंही तेच. टँटलम 8.15, तांबं 8.05, शिवाय समोर तांब्याचाच वर्ख. जस्ताची अडचण निराळी. त्याला उत्तेजित करायला 9.66 केव्हीहून जास्त ऊर्जा लागते, आणि आपल्या मुख्य रेषा (तांबं 8.05, टँटलम 8.15 आणि 9.34) सगळ्या तिच्याखाली. उरतात त्या टँटलमच्या क्षीण रेषा आणि ठरावीक शिखर नसलेल्या सलग किरणांचा विरळ भाग, म्हणून जस्त दिसलं नाही याचा अर्थ ते नाहीच असा काढू नका. शिसं, आर्सेनिक यांच्या अल्प मात्रांसाठी हे साधन मी वापरत नाही.

आकडे हवे असतील तर प्रमाणित संदर्भ नमुना लागतो. अमेरिकेच्या मानक संस्थेची सफरचंदाच्या पानांची भुकटी (एसआरएम 1515) मी वापरते. तिच्यात कॅल्शियम सुमारे 1.5 टक्के, पोटॅशियम 1.6 टक्के, जस्त मात्र दशलक्षात साधारण 12 भाग. तिची वडी आपल्या पानाच्या वडीइतक्याच जाडीची पाडा आणि दर वेळी त्याच दिवशी, आधी आणि नंतर, मोजा. स्फटिकाची फेरी रोज तंतोतंत सारखी येत नाही.