युनियनची जुनी कागदं रद्दीत जायच्या आधी काय करायचं: गिरणी कामगारांच्या घरच्यांसाठी

लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी, वरळी, डिलाईल रोड, या पट्ट्यात ज्यांचे आजोबा किंवा वडील गिरणीत होते आणि त्यातही युनियनचं काम करायचे, म्हणजे कुणी गिरणी कमिटीवर, कुणी खजिनदार, कुणी नुसतं आपल्या खात्यात, म्हणजे गिरणीतल्या विभागात, फिरून वर्गणी गोळा करणारे, त्यांच्या पोटमाळ्यावर बऱ्याचदा एक ट्रंक नाहीतर गोणपाटात बांधलेला गठ्ठा असतो. आणि सध्या चाळी रिडेव्हलपमेंटला जातायत त्यामुळे तो गठ्ठा खाली काढायची वेळ नेमकी रूम खाली करायच्या आठवड्यात येते, ट्रान्झिट कॅम्पच्या तात्पुरत्या घरात जागा नाही, टेम्पो उभा आहे, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं कशाला हवाय हा कचरा. त्या आठवड्यात काय करायचं ते लिहितोय. ज्यांच्या युनियनचं ऑफिस अजून कसंबसं चालू आहे, एक कपाट आणि दोन म्हातारे कार्यकर्ते एवढंच उरलंय, त्यांनाही हेच लागू.

आधी हे बघा की यातलं बरंचसं दुसरीकडे कुठेच नाहीये. 1928 चा मोठा संप झाला, सहा महिने चालला, त्यातच मे महिन्यात गिरणी कामगार युनियन म्हणजे लाल बावटा उभी राहिली, आळवे अध्यक्ष, डांगे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर ही मंडळी पुढे. मार्च 1929 मध्ये मीरत कटाच्या खटल्यात, म्हणजे ब्रिटिश सरकारने कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवर भरलेल्या खटल्यात, यातल्या बऱ्याच जणांना पकडलं आणि पोलिसांनी धाडी घालून कागद उचलून नेले, पत्रं, ठराव, हँडबिलं सगळं कोर्टात पुरावा म्हणून लावलं, आणि म्हणूनच त्या काळचे कागद आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बघायला मिळतात. 1982 नंतर युनियन खचल्या त्या धाडीने नाही, वर्गणी आटून. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, गिरण्या एकेक करून बंद पडल्या, माणसं गावाला गेली नाहीतर वॉचमन झाली, भाजी विकायला बसली, मग वर्गणी देणार कोण, ऑफिसचं भाडं भरणार कोण. अशा वेळी रूम सोडताना झेंडा आणि नेत्यांचे फोटो लोक घरी घेऊन जातात, वह्या तिथेच राहतात. म्हणून मला खरंच वाटतं की 1928 पेक्षा 1985 चं युनियनचं रोजचं काम समजणं पुढे जास्त अवघड जाणार आहे, आणि ते घरातल्या ट्रंकांवरच अवलंबून आहे.

तर पहिलं काम, कागद वेगवेगळे करू नका. ट्रंक उघडली की हात शिवशिवतात, फोटो इकडे, पत्रं तिकडे, पावत्या बाजूला. नका करू. आजोबांनी ज्या क्रमाने ठेवलंय त्याला अर्थ असतो, एखादी तक्रार, तिच्यावर मालकाकडून आलेलं पत्र आणि लेबर कोर्टाची तारीख हे एकाच सुतळीत बांधलेलं असेल तर ती सुतळी सोडून कागद तीन ढिगांत टाकले की परत जुळवता येत नाही, कारण निम्म्या कागदांवर तारीखच नसते. आधी ट्रंकेचा उघडल्या उघडल्या फोटो काढा, मग प्रत्येक थर काढताना एक फोटो, आणि प्रत्येक गठ्ठ्याला पेन्सिलीने चिठ्ठीवर नंबर द्या. पेन नको, मार्कर तर अजिबात नको, शाई पसरते आणि पावसाळ्यात पलीकडच्या पानावर उमटते. एका वहीत लिहून ठेवा: गठ्ठा नं. 1, कुठे सापडला, कशात बांधलेला, वरवर बघून काय वाटतं. एवढं एका संध्याकाळी होतं आणि टेम्पो खाली उभा असला तरी करता येतं.

आता काय ठेवायचं. वेळ आणि जागा दोन्ही कमी असेल तर लोक नेहमी फोटो आणि मोठ्या नेत्यांची पत्रं वाचवतात आणि पावती पुस्तकं टाकून देतात. मी उलट सांगेन. मोठ्या सभेचा फोटो वर्तमानपत्रातही असतो, भाषणं छापून आलेली असतात. वर्गणीच्या पावती पुस्तकाची स्थळप्रत, म्हणजे युनियनकडे राहणारी प्रत, मात्र दुसरीकडे कुठेच नसते.

एखादं असं पुस्तक हातात घेऊन नीट बघा. जाड पुठ्ठा, आत कार्बनने उमटलेली निळी अक्षरं, पावती नंबर, नाव, तिकीट नंबर (कामगाराचा गिरणीतला नंबर), खातं, पाळी, रक्कम, खाली घेणाऱ्याची सही. पंधरा-वीस पानं उलटली की दिसायला लागतं की एकाच सहीने एकाच दिवशी साचेखात्यातल्या (मागांच्या, म्हणजे कापड विणायच्या खात्यातल्या) ओळीने सगळ्यांची वर्गणी घेतलीय, म्हणजे हा माणूस पगाराच्या दिवशी खात्यात फिरलाय. त्रासनखात्यातली (सूत कातायच्या खात्यातली) नावं कमी दिसतात, तिथे कदाचित दुसऱ्या युनियनचा जोर असेल. पुढच्या पुस्तकात तीच सही, पण पावत्यांमधली अंतरं वाढलेली, महिन्याची वर्गणी तीन महिन्यांनी, मग बरीच पानं कोरी. युनियन कधी आणि कुठल्या खात्यातून ढिली पडत गेली हे त्या कोऱ्या पानांवरून कळतं, म्हणून अर्धवट भरलेलं पुस्तक सुद्धा फेकायचं नाही आणि कोरी पानं मुलांना चित्रं काढायला द्यायची नाहीत.

पावत्यांना आणखी एक वजन होतं. मुंबई औद्योगिक संबंध कायदा 1946 चा, बीआयआर म्हणतात तो, त्याखाली एका भागातल्या एका धंद्यात एकच प्रातिनिधिक युनियन, आणि मालकांशी करार करायचा हक्क तिचाच. त्यासाठी 25 टक्के कामगार सभासद असल्याचं दाखवावं लागायचं आणि ते दाखवायचं सभासद रजिस्टर आणि वर्गणीवरून. मुंबईच्या गिरण्यांत ही मान्यता वर्षानुवर्षं राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिली, बहुसंख्य कामगार दुसऱ्याच्या मागे उभे असले तरी, आणि 1982 च्या संपात पगार, बदली कामगारांना, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी घेतलेल्यांना, कायम करणं याच्या बरोबरीने हा कायदा रद्द करा ही मागणी होती ती याच रागातून. त्यामुळे मान्यता असलेल्या युनियनची पावती पुस्तकं असोत की नसलेल्या युनियनची, दोन्ही सारखीच जपा. तुमचे आजोबा कुठल्या बाजूला होते यावरून कागदाची किंमत ठरत नाही.

पावत्यांच्या नंतर माझ्या यादीत तक्रार वही. एकेक ओळ असते, अमुक तिकीट नंबर, बदली, कार्ड असून तीन दिवस काम दिलं नाही, किंवा सूत खराब येतंय त्यामुळे धागा तुटतो आणि दंड साच्यावाल्याला, म्हणजे माग चालवणाऱ्याला, लागतो, आणि शेवटच्या रकान्यात काय झालं ते, "मॅनेजरला भेटलो", "समझोता", नाहीतर नुसती रेघ. गिरणीत माणूस कसा जगत होता हे या वहीएवढं कुठे कळणार नाही. मग कमिटीची इतिवृत्तं, आवक-जावक रजिस्टर, हिशेबाच्या वह्या, संपाच्या काळातल्या धान्य वाटपाच्या याद्या, सायक्लोस्टाईल केलेली हँडबिलं, गेट मीटिंगच्या नोटिसा. वर्तमानपत्राची कात्रणं सगळ्यात शेवटी, ती लायब्ररीत मिळू शकतात. पण कात्रणाच्या कडेला कुणी हाताने काही लिहिलं असेल तर ते कात्रण वर घ्या.

साफसफाई. धूळ मऊ ब्रशने किंवा स्वच्छ मऊ सुती फडक्याने, मधून बाहेरच्या बाजूला, तोंडाला मास्क लावून, कारण जुन्या कागदावरची बुरशी छातीत जाते. ओलं फडकं नाही. कागद कडक उन्हात टाकू नका, आपल्याकडे गाद्या टाकतात तसे लोक टाकतात आणि कागद पिवळा पडून कडकडीत होतो, सावलीत पंख्याखाली ठेवा. भिजलेले कागद एकमेकांना चिकटले असतील तर ओढून सोडवू नका, पानं सुटत असतील तिथे मध्ये टीपकागद नाहीतर साधा पांढरा कागद घाला आणि बदलत राहा. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपलच्या पिना खेचायच्या नाहीत, पिनेचे पाय मागून सरळ करून हळूच काढायच्या, जमत नसेल तर राहू द्या. फाटलंय म्हणून सेलोटेप लावू नका, काही वर्षांनी टेप निघून जाते आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन तर नकोच नको, आईवडिलांचा एकच फोटो उरलाय म्हणून मायेने लॅमिनेट करून आणतात पण ते परत काढता येत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवलं की मुंबईच्या हवेत आत घाम धरतो, त्यापेक्षा पुठ्ठ्याचा खोका, कागद ॲसिड-फ्री मिळाला तर उत्तम नाहीतर धुतलेलं पांढरं सुती कापड, बांधायला नाडी, रबरबँड नाही. खोका जमिनीवर आणि बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, वाळवी आणि ओल दोन्ही तिथूनच येतात. कसर लागली असेल तर तो गठ्ठा बाकीच्यांपासून लांब ठेवा.

फोटो काढताना खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅश बंद, मोबाईल पानाच्या अगदी वर सपाट धरून. स्कॅनिंगच्या ॲपमध्ये आपोआप ब्लॅक अँड व्हाईट होतं ते बंद करा, कार्बनची निळी अक्षरं आणि पेन्सिलीच्या खुणा त्यात उडून जातात, रंगीतच ठेवा. कोरं पान आलं तरी फोटो काढा, मागची बाजू काढा, पुठ्ठासुद्धा. फाईलला नाव देताना गठ्ठ्याचा नंबर आणि पान नंबर द्या, व्हॉट्सॲपवर पाठवून त्यातूनच साठवू नका, तिथे फोटो बारीक होतो. एक प्रत हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या माणसाच्या घरी. आणि फोटो काढले म्हणून मूळ कागद रद्दीत नाही घालायचे.

हे सगळं करताना एक म्हातारा माणूस जवळ बसवा. हे काम सगळ्यात निकडीचं आहे, कागद अजून चार वर्षं थांबतील, ही माणसं थांबणार नाहीत. त्यांना "तुमचा अनुभव सांगा" म्हटलं की ते 1982 वर ठरलेलं भाषण देतात, डोळे भरून येतात आणि आपण पुढे काही विचारू शकत नाही. त्यापेक्षा पान समोर ठेवा आणि बोट ठेवून विचारा, ही सही कुणाची, हे नाव तीनदा आलंय हा कोण, हा जॉबर (कामगारांवरचा मुकादम) आपल्या बाजूचा होता का, "बा" असं लिहिलंय म्हणजे काय, मीटिंग कुणाच्या खोलीवर व्हायची. मग गोष्टी निघतात, कुठल्या गावच्या मंडळाच्या गाळ्यात सगळे एकत्र राहायचे, वर्गणी न देणाऱ्याला कोण समजवायला जायचं. मोबाईलवर रेकॉर्ड करा, परवानगी विचारून, आणि सुरुवातीला तारीख आणि गठ्ठा नंबर तोंडाने बोला म्हणजे नंतर जुळवता येईल. बायकांनाही विचारा, वाइंडिंग-रीलिंगमध्ये (सूत गुंडाळायच्या खात्यांत) त्या होत्याच, आणि संपात घर कसं चाललं ते त्याच सांगतील.

आता एक गोष्ट नीट वाचा कारण यात पैशाचा आणि घराचा प्रश्न आहे. गिरणी कामगारांच्या म्हाडा घरांसाठी 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामाला असल्याचा पुरावा लागतो. ट्रंकेत कुणाचंही तिकीट, हजेरी कार्ड, पगारपावती, पीएफची स्लिप, ईएसआयचं कार्ड, सर्व्हिस सर्टिफिकेट सापडलं तर कुठल्या गठ्ठ्यातून काढलं ते लिहून वेगळं काढा. तुमच्या घरचं असेल तर मूळ कागद कुणालाही देऊ नका, संस्थेला द्यायची ती झेरॉक्स. दुसऱ्या कुणाचं असेल, आणि युनियनच्या माणसाकडे लोक कागद ठेवायला द्यायचेच, तर त्या घरच्यांना शोधून पोचवा, गावचं मंडळ किंवा जुन्या खात्यातली माणसं विचारली की पत्ता लागतो. आणि सभासद रजिस्टरचे फोटो ग्रुपवर टाकू नका. त्यात नाव, गाव, पत्ता, तिकीट नंबर सगळं असतं आणि घर मिळवून देतो सांगून म्हाताऱ्यांकडून पैसे उकळणाऱ्यांना तेच हवं असतं.

ट्रंकेत जे नाही ते बाहेरून थोडंफार मिळवता येतं. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याखाली नोंदलेल्या युनियनला दरवर्षी रजिस्ट्रारकडे हिशेब आणि सभासदसंख्या कळवावी लागायची, तर लेबर कमिशनरच्या ऑफिसात, बीकेसीच्या कामगार भवनात, माहिती अधिकारात अर्ज करा. अर्जात युनियनचं पूर्ण नाव, नोंदणी नंबर आणि वर्षं लिहा, नोंदणी नंबर पावती पुस्तकावर किंवा लेटरहेडवर छापलेला असतो. "सगळी माहिती द्या" लिहिलंत तर उत्तर हमखास येतं की रेकॉर्ड उपलब्ध नाही, म्हणून एका अर्जात दोनच वर्षं मागा आणि जोडीला फाईल रद्द केली असेल तर तिच्या नोंदीची प्रत मागा. जुन्या काळासाठी लेबर गॅझेट, 1921 पासून निघायचं, संप-टाळेबंदीची माहिती महिन्याच्या महिन्याला त्यात आहे.

शेवटी द्यायचं कुणाला. घरी जपता येत असेल तर घरीच ठेवा पण यादी बाहेर कुणाला तरी द्या. नाहीतर काळा घोड्याजवळचं राज्य पुराभिलेखागार, परळची नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाची श्रम विज्ञान संस्था, दिल्लीत तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय (पूर्वीचं नेहरू स्मारक) जिथे आयटकचे (ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस) आणि कामगार पुढारी ना. म. जोशींचे कागद आहेत, नोएडाची व्ही. व्ही. गिरी संस्था जिथे कामगार चळवळीच्या कागदांचं डिजिटल संग्रहालय केलंय, अशा ठिकाणी आधी पत्र लिहून विचारा, सोबत तुमच्या वहीतली यादी आणि चार-पाच फोटो. थेट खोका घेऊन जाऊ नका. आणि कुणी "द्या, आम्ही बघतो" म्हणून गाडी पाठवली तर तशीच ट्रंक देऊ नका, लेखी घ्या: किती गठ्ठे घेतले, दान आहे की स्कॅन करून परत मिळणार, कधी परत, कुटुंबाला बघायला मिळणार का, लोकांची नावं-पत्ते असलेल्या वह्या किती वर्षं बंद ठेवणार, आणि गठ्ठे फोडणार नाही ना. सही झाली की गठ्ठ्यांचे नंबर दोघांनी मिळून मोजा आणि मगच ट्रंक गाडीत चढवा.