१४४चा मॉनिटर ६०वरच अडकलाय? केबल विकत घ्यायच्या आधी हे बघा

बेळगावात हल्ली ज्याला त्याला गेमिंगचा मॉनिटर पाहिजे झालाय, दर थोड्या दिवसांनी कुणाचा तरी मेसेज येतोच की दादा १४४ हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा) मॉनिटर घेतलोय पण ६०च दाखवायलंय, पीस खराब हाय काय. आणि असं विचारणाऱ्यानं बऱ्याचदा एक नवीन एचडीएमआय केबल आधीच आणून लावलेली असते. बाबांनो, पीस खराब निघणं फार कमी वेळा होतंय. बहुतेक वेळा सेटिंग, नाहीतर पीसीचं चुकीचं पोर्ट (केबल खोचायची जागा), नाहीतर मधे लावलेला कन्व्हर्टर (एका जातीच्या पोर्टाचं दुसरं करणारं टोपण), यातलंच काहीतरी असतंय, आणि यातल्या निम्म्या गोष्टी तपासायला एक रुपया लागत नाही. म्हणून आधी फुकटातलं सगळं बघून घ्या, मग दुकानात जावा.

सगळ्यात पहिलं विंडोज. नवीन मॉनिटर लावला की विंडोज स्वतःहून १४४ करतंय असं बरेच जण धरून चालतात, तसं दरवेळी होत नाही, ते गुपचूप ६०वर बसतंय. डेस्कटॉपवर राईट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, खाली ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथं रिफ्रेश रेटची, म्हणजे हर्ट्झच्या आकड्यांची, यादी येते त्यात १४४ असला तर निवडा. स्क्रीन एकदा काळी होऊन परत येते, मग हे ठेवू काय म्हणून विचारतंय, १५ सेकंदात हो म्हणा, नाही म्हटलं तर ते परत जुन्यावर जातंय (त्यामुळं घाबरायचं कारण नाही, चित्र गेलंच तर हात न लावता थांबा, आपोआप येतंय). जुन्या विंडोज १०मधे ही यादी तिथं दिसत नाही, तिथं डिस्प्ले ॲडाप्टर प्रॉपर्टीज उघडून मॉनिटर नावाच्या टॅबमधे जायला लागतंय. दोन स्क्रीन असल्या तर वर कुठला मॉनिटर निवडलाय तेही बघा, पोरं लॅपटॉपच्या स्क्रीनचं सेटिंग बदलत बसतात आणि मॉनिटर तसाच राहतोय.

यादीत १४४ नावालाच नाही, तर आता खरं काम सुरू.

आधी मॉनिटरलाच विचारा. मॉनिटरच्या बटणांनी त्याचा स्वतःचा मेनू उघडा, त्यात इन्फॉर्मेशन म्हणून काहीतरी असतंय, तिथं आत्ता किती रिझोल्यूशन (चित्रात आडवे-उभे किती ठिपके) आणि किती हर्ट्झ येतंय ते लिहिलेलं असतंय, आणि विंडोज काय म्हणतंय त्याच्यापेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवा. मग मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साईटवर बघा की कुठल्या पोर्टवर किती हर्ट्झ. हे फार महत्त्वाचं हाय. खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात १६५ छापलेलं असतंय पण ते डिस्प्लेपोर्टवर (एचडीएमआयसारखंच चित्राचं दुसरं पोर्ट), एचडीएमआयवर त्याच मॉनिटरला १४४ किंवा १२०च मिळतंय असं पुष्कळ मॉडेलमधे असतंय.

आता पीसीच्या मागं बघा, केबल कुठं खोचलीय. ग्राफिक्स कार्ड (चित्र काढणारं वेगळं कार्ड) असलं तर त्याची पोर्टं खाली आडवी एका ओळीत असतात, आणि वर यूएसबी, लॅन, ऑडिओच्या जवळ जे एचडीएमआय असतंय ते मदरबोर्डचं, म्हणजे पीसीच्या मुख्य बोर्डाचं. तिथं केबल लावली तर चित्र येतंय, सगळं चालतंय, पण ते प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर, म्हणजे महागडं कार्ड घालून ते रिकामंच बसवल्यासारखं. शिवाय इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतच्या बऱ्याच मदरबोर्डवर ते एचडीएमआय १.४च, म्हणजे जुन्या व्हर्जनचं, असतंय. प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असला तर मदरबोर्डच्या पोर्टातून चित्रच येत नाही, ते एका अर्थी बरंच, लगेच कळतंय तरी.

ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर. विंडोज नव्यानं टाकून आणलेल्या मशीनमधे हा घोळ हमखास, टाकणाऱ्यानं विंडोज टाकलं, ऑफिस टाकलं आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकायचा राहिला. डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले ॲडाप्टरखाली मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर असं लिहिलं असलं तर तुमचा रोग सापडला. एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल, ज्याचं कार्ड त्याच्या साईटवरून ड्रायव्हर उतरवा, टाका, रीस्टार्ट करा.

एनव्हिडियावाल्यांसाठी एक वेगळी गंमत हाय. त्यांच्या कंट्रोल पॅनलमधे चेंज रिझोल्यूशनमधे यादी दोन भागात असते, वर अल्ट्रा एचडी, एचडी म्हणून टीव्हीची रिझोल्यूशनं आणि खाली पीसी म्हणून दुसरा भाग. वरच्या भागातलं १०८०पी निवडलं तर बऱ्याचदा ६०च्या पुढं काही दाखवत नाही आणि माणूस तिथंच हार मानतोय. खाली सरकवत जावा, पीसीच्या भागातलं १९२० बाय १०८० निवडा, तिथं १४४ लपलेला असतोय. कितीतरी जणांचं काम एवढ्यावरच झालंय.

एवढं करूनही नाही आलं तर मग केबलीकडं या. इथं गणित थोडं समजून घेतलं की दुकानात फसायला होत नाही. ६० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, १४४ म्हणजे १४४, म्हणजे तेवढ्याच वेळात जवळजवळ अडीचपट माल तारेतून जायला पाहिजे. आणि चिकोडी-निपाणी रस्त्यावर पुढं उसाची ट्रॉली असली की मागं कुठलीपण गाडी असू दे, वेग ट्रॉलीचाच, तसं इथं. कार्डाचं पोर्ट, केबल, मॉनिटरचं पोर्ट, यातलं जे सगळ्यात जुनं त्याच्या वेगानं सगळं चालतंय. एचडीएमआय १.४मधून सेकंदाला १०.२ गिगाबिट माल जातंय, त्यात १०८०पीवर १२० आरामात आणि १४४ जेमतेम बसतंय (ते पण मॉनिटरनं मान्य केलं तर), पण २के म्हणजे २५६० बाय १४४० असलं तर १४४ विसरा. एचडीएमआय २.०मधून १८ गिगाबिट जातंय, त्यात २के १४४ बसतंय आणि ४के (३८४० बाय २१६०) ६०. डिस्प्लेपोर्ट १.२ पण २के १४४ला पुरतंय, १.४ असलं तर अजून पुढं. त्यामुळं माझं मत स्पष्ट हाय, कार्डाला आणि मॉनिटरला दोन्हीकडं डिस्प्लेपोर्ट असलं तर एचडीएमआयच्या भानगडीत पडूच नका, बऱ्याच मॉनिटरच्या खोक्यात डिस्प्लेपोर्टची केबल असते, ती न उघडता पिशवीतच पडलेली असते.

एचडीएमआय घ्यायचीच असली तर दुकानदाराला ‘अण्णा, फोरके केबल द्या’ म्हणू नका, फोरके सगळ्याच पाकिटांवर छापलेलं असतंय आणि ४के ३० हर्ट्झ पण फोरकेच. पाकिटावर प्रीमियम हाय स्पीड असलं तर १८ गिगाबिटची, अल्ट्रा हाय स्पीड असलं तर ४८ची. लांबी लागेल तेवढीच घ्या, दीड-दोन मीटर पुष्कळ झाली, लांब आणि स्वस्त केबलीत वेग वाढवला की स्क्रीन मधेच काळी होती नाहीतर ठिपके उडतात.

कन्व्हर्टर हा तर स्वतंत्र विषय. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय करणारं जे साधं स्वस्तातलं टोपण मिळतंय त्यातलं जुन्या जातीचं १०८०पी ६०च्या पुढं जातच नाही, त्याची ताकदच तेवढी. उलट बाजूनं, म्हणजे पीसीचं एचडीएमआय आणि मॉनिटरचं डिस्प्लेपोर्ट, तर साधी केबल चालतच नाही, ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतोय आणि बहुतेकदा त्याला यूएसबीतून वेगळी पॉवर द्यायला लागती. व्हीजीए (जुन्या मॉनिटरचं निळं पोर्ट) मधे घातलं असलं तर १४४चा नादच सोडा.

मॉनिटरच्या मेनूत अजून दोन ठिकाणी बघा. काही मॉनिटरमधे डिस्प्लेपोर्टचं व्हर्जन निवडायचं असतंय आणि ते १.१वर ठेवलेलं असतंय, ते १.२ किंवा १.४ करा. काहींमधे ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवायचं सेटिंग) चालू केल्याशिवाय वरचा आकडा यादीत येत नाही. आणि २केवाल्यांनी कलर डेप्थ (रंगाच्या किती छटा पाठवायच्या ते सेटिंग) पण बघा, डिस्प्लेपोर्ट १.२वर १० बिट ठेवला तर १४४ एकत्र बसत नाही, ८ बिट करा, डोळ्याला फरक कळणार नाही. सगळं बरोबर असून पण जुनाच आकडा दाखवत असलं तर पीसी बंद करून मॉनिटरची पॉवरची आणि चित्राची दोन्ही केबल काढा, थोडा वेळ तसंच ठेवा आणि परत लावा, मॉनिटर आपली माहिती पीसीला नव्यानं देतोय.

लॅपटॉपवाल्यांचं थोडं वेगळं. एचडीएमआय जुनं असलं तरी टाइप-सी पोर्टातून डिस्प्लेपोर्ट जात असलं तर टाइप-सी टू डिस्प्लेपोर्ट केबलनं काम होतंय, पण सगळ्या टाइप-सीतून चित्र येत नाही, मॉडेल बघूनच केबल घ्या. लाईट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की काही मॉडेल स्वतःची स्क्रीन आपोआप ६०वर आणतात, तो बिघाड नव्हे. आणि दोन स्क्रीन डुप्लिकेटवर (दोन्हीकडं तेच चित्र) ठेवल्या तर दोघींना जमेल तोच आकडा मिळतोय, एक्स्टेंड (दोन्हीकडं वेगळं चित्र) करा.

आकडा आला, आता खरंच चालतंय काय ते बघायला ब्राउझरमधे टेस्ट यूएफओची साईट उघडा, १४४ आणि त्याच्या निम्मे ७२ एकाखाली एक पळताना दिसतंय. विंडोजमधे १४४ आणि गेममधेच अडखळतंय असं असलं तर गेमच्या व्हिडिओ सेटिंगमधे रिफ्रेश रेट वेगळा असतोय आणि एफपीएसला (गेम सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, काढतोय त्याला) ६०ची मर्यादा घातलेली असते, ती काढा. कार्डच ६० फ्रेम काढत असलं तर मात्र मॉनिटरचा काय दोष नाही. उद्यमबागेत (बेळगावची कारखान्यांची वसाहत) दिवसभर कॅडवर ड्रॉइंग करणाऱ्या एकानं विचारलं होतं मी पण घेऊ काय, त्याला म्हटलं तू त्या पैशात मोठी आणि जास्त रिझोल्यूशनची स्क्रीन घे.

शेवटचं, वरचं सगळं करून पण ६०च, तर तोच मॉनिटर आणि तीच केबल मित्राच्या पीसीला लावून बघा. तिथं १४४ आलं तर दोष तुमच्या पीसीत, तिथं पण नाही आलं तर केबल बदलून एकदा, आणि मगच सर्व्हिसला फोन. फोन करताना मॉडेल नंबर, पोर्टचं नाव आणि मॉनिटरच्या मेनूतल्या त्या इन्फॉर्मेशनचा फोटो तयार ठेवा, पलीकडचा माणूस कन्नड बोलू दे नाहीतर हिंदी, तेवढ्यावर त्याला कळतंय आणि केबल बदलून बघा म्हणून टाळायला त्याला जागा राहत नाही.