मुलांसोबत पानगळीचं क्राफ्ट करताय? या चुका टाळा

पानगळीच्या सीझनमध्ये क्राफ्टचं सामान झाडाखाली फुकट पडलेलं असतं, त्यामुळे वाटतं की याच्याइतकं सोपं काहीच नाही, पानं गोळा करा, कागदावर चिकटवा, झालं. मग दुसऱ्या दिवशी बघावं तर पानांच्या कडा वर वळलेल्या, अर्धी पानं सुटून खाली पडलेली आणि पोरगं विचारतंय की माझं फुलपाखरू असं का झालं. आपण दोष गमला देतो. पण खरा घोळ बहुतेक वेळा गम हातात घ्यायच्या आधीच झालेला असतो, पान ओलं होतं.

हाताला कोरडं लागलं तरी ताज्या पडलेल्या पानात पाणी असतंच. तसंच चिकटवलं की सुकताना ते आक्रसतं आणि खालचा कागद काही तेवढा आक्रसत नाही, मग पान वळणार नाहीतर कागद वाकणार, दोन्हीपैकी एक ठरलेलं. म्हणून घरी आल्या आल्या पानं पुसून घ्यायची, रद्दी पेपरच्या घड्यांमध्ये एकमेकांवर न येता पसरायची आणि वर जाड पुस्तकांचा ढीग ठेवून द्यायचा, आठवडा ते दोन आठवडे. पहिल्या दोन-तीन दिवसांत आतला पेपर बदलायचा, हे बरेच जण करत नाहीत आणि मग पानांवर काळे डाग नाहीतर बुरशी दिसली की पानच खराब होतं म्हणतात. गुळगुळीत चकचकीत मासिकांची पानं वापरू नका, ती ओल शोषत नाहीत. पान तयार झालंय का हे बघायची सोपी खूण म्हणजे गालाला लावून बघायचं, ओल असेल तर गार लागतं, आणि पूर्ण सुकलेल्या पानाचा देठ वाकवला की कट्कन मोडतो. हे चेक करायचं काम मुलांना द्या, आवडीने करतात.

आता मूल काही दोन आठवडे थांबणार नाही, त्याला आत्ताच काहीतरी करायचंय. मग आज अशी कामं करा ज्यांना ताजं पानच लागतं. एक म्हणजे पानावर कागद ठेवून खडू घासणं. यात वाळलेलं पान घेतलं की खडूच्या दाबाने त्याचा चुरा होतो. पान उलटं ठेवायचं, म्हणजे शिरा वर आलेली बाजू वर, त्यावर पातळ कागद, आणि मेणाच्या खडूचं वेष्टन काढून तो आडवा धरून घासायचा. टोकाने घासलं की नुसत्या रेघोट्या येतात, शिरा उमटतच नाहीत. कागद चारही कोपऱ्यांना टेपने चिकटवून टाका, छोट्या मुलांना एका हाताने धरून दुसऱ्याने घासणं जमत नाही, कागद सरकतो आणि एका पानाची दोन पानं होतात.

दुसरं म्हणजे रंग लावून ठसे. इथे एकच चूक सगळीकडे होते, रंग फार. ब्रश दिला की मुलं पान रंगात बुडवल्यासारखं रंगवतात, मग शिरांच्या मधल्या खाचा भरून जातात आणि कागदावर नुसता गोळा उमटतो. ब्रशऐवजी स्पंजचा तुकडा द्या, शिरांच्या बाजूला टिप टिप करून पातळ रंग लावायचा, पान कागदावर ठेवून वर रद्दी कागद ठेवायचा आणि तळहाताने दाबायचं, सरकवायचं नाही. तरी पहिला ठसा बिघडलाच तर पान धुवायच्या भानगडीत पडू नका, नवीन रंग न लावता त्याच पानाचा दुसरा ठसा घ्या, बऱ्याचदा तोच मस्त येतो.

रंग टिकत नाही ही तक्रार नेहमीची. पानातला हिरवा रंग मोडला की पिवळा दिसायला लागतो, तो पानात आधीपासूनच असतो, आणि बऱ्याच झाडांच्या पानांत लाल मात्र त्याच काळात नव्याने तयार होतो. सुकवल्यावर पिवळी पानं बऱ्यापैकी पिवळी राहतात, लाल पानं लवकर काळपट पडतात, त्यामुळे लाल पानांचं काही करायचं असेल तर उशीर नको. आणि तयार चित्र उन्हाच्या खिडकीत लावू नका, फिकं पडणारच. मेणकागदाच्या दोन तुकड्यांमध्ये पान ठेवून इस्त्री केली तर रंग जरा जास्त टिकतो, पण वाफ बंद, इस्त्री कोमट, आणि मेणकागदाच्या वर-खाली साधा कागद हवाच नाहीतर सगळं मेण इस्त्रीला. बेकिंगचा न चिकटणारा कागद इथे चालत नाही, त्याचं कामच न चिकटणं. इस्त्री अर्थातच मोठ्यांनी करायची.

गमबद्दल एवढंच की पांढरा गम ठिपक्यांनी लावा, तळं करू नका, पान परत ओलं होतं. ग्लू स्टिक मेणचट पानांना धरत नाही.

मिठाच्या कणकेत पानांचे ठसे घेणं हा पण छान प्रकार आहे. दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ आणि साधारण एक वाटी पाणी, पण पाणी थोडं थोडं, कारण चिकट झाली की पान उचलताना ठसा फाटतो. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड लाटू नका. ओव्हन फार गरम केला की कणीक फुगते आणि तडकते, शंभर डिग्रीच्या आसपास हळूहळू वाळवा आणि मधेच उलटवा. दमट हवेत मीठ ओल ओढतं आणि वस्तू मऊ पडते, म्हणून वाळल्यावर वरून वार्निशचा हात द्या. घरात कुत्रा असेल तर ही कणीक त्याच्या तोंडाला लागू देऊ नका, एवढं मीठ त्याला विषासारखं आहे. मुलांनाही चाखू देऊ नका.

बिया गोळा करण्याआधी मात्र थांबा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हातात छोट्या बिया द्यायच्याच नाहीत, टॉयलेट रोलच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती त्यांच्यासाठी बाद. लाल-काळी गुंज दिसायला कितीही गोड असली तरी विषारी आहे, आणि माळ करायला तिला भोक पाडणं तर अजून वाईट, कारण टणक साल फुटली की आतलं विष मोकळं होतं. एरंडाच्या बिया आणि कण्हेरीचं काहीही, पानसुद्धा, नको. झाड ओळखता येत नसेल तर तिथलं उचलूच नका, दुसरी शंभर झाडं आहेत.

मोठ्यांची एक सवय पण सांगतेच. गोळा करणं, सुकवणं, कापणं, चिकटवणं सगळं एका बैठकीत उरकायचं असतं, मूल दहा मिनिटांनी उठून जातं आणि मग आई-बाबाच उरलेलं पूर्ण करत बसतात. आज फक्त गोळा करा, चिकटवणं नंतर. आणि मुलांनी पानांच्या घुबडाचे डोळे पोटावर लावले असतील तर राहू द्या, हळूच उचलून जागेवर लावू नका, त्यांना कळतं.

पाइनचे कोन आणले आणि मिटले म्हणून फेकू नका, ओल लागली की ते मिटतात, कोरड्या जागी ठेवले की दोन-चार दिवसांत परत उघडतात. आत किडे असतील अशी शंका असेल तर साधारण शंभर डिग्रीला अर्धा तास ओव्हनमध्ये, खाली फॉइल टाकून, कारण चीक वितळून ट्रेला बसतो, आणि तेवढा वेळ ओव्हनजवळून हलायचं नाही. रंगवल्यावर परत मिटले तर घाबरू नका, रंगातलं पाणी वाळलं की उघडतील.